चाळीतील सड

१ जानेवारी २०२५, सकाळी ५.५०

संकल्प. आजपासून रोज दहा पानं. तीस दिवसांत तीनशे. प्रबंध तयार. विषय अकरा वर्षांपूर्वीच मंजूर झालेला आहे : 'विसाव्या शतकातील मराठी वक्तृत्व – एक समग्र अभ्यास'. विषय मंजूर होणं हेच अवघड काम. उरलं ते नुसतं लिहिणं.

विद्यापीठाची चौथी मुदतवाढ ३१ मार्चला संपते. माझ्या गाईड विमलाबाई त्याच दिवशी रिटायर होतात. जाता जाता त्यांनी सही केली तर पाचवी मुदतवाढ, नाहीतर नोंदणी रद्द. काल फोनवर अट घातली. फेब्रुवारीत तुमच्या कॉलेजात परिषद आहे ना, तिथे एक पेपर वाच. मी समोर बसून ऐकणार. दम दिसला तर सही. मी म्हटलं, बाई, मी एकदा बोलायला उभा राहिलो की... तर म्हणाल्या, बोलू नकोस रे बाबा, वाच.

अकराशे भाषणं केलेल्या माणसाला कागद वाचायला सांगतात! असो. त्यांचं वय झालं.

सकाळी ६.१५

नव्या डायरीचा कागद उत्तम. पेन मात्र सरकत नाही. उद्या चांगलं पेन आणून सुरुवात.

३ जानेवारी

पानं शून्य. जयंतीची तीन भाषणं होती. सातपूर, सिडको, नाशिकरोड. तिन्हीकडे टाळ्या. सातपूरला पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सविताचं म्हणणं, तिच्या तोंडावर हॅलोजन होता. बायको शाळेत क्लार्क असली की तिला भावना कळत नाहीत, फक्त हजेरी कळते.

९ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. परिषद 'बहुविद्याशाखीय' आहे, चौसष्ट पेपर आलेत, सर तुम्ही जरा शुद्धलेखन बघा. गठ्ठा घरी आणला. शीर्षकं वाचली आणि डोकं तापलं.

'नागलीच्या पिठातील ओलाव्याचा पापडाच्या फुगण्यावर होणारा परिणाम.' 'गोदाघाटावरील पारव्यांची विष्ठा आणि दगडाची झीज.' 'एसटीच्या मागच्या सीटवरील प्रवाशांची कंबरदुखी : सिन्नर मार्गाच्या संदर्भात.' 'सुप्रभात संदेशांतील फुलांचे वर्गीकरण.' आणि एका गणितवाल्याने रिक्षा-थांब्यावरच्या रांगेवर सूत्र मांडलंय. रांग! आपल्याकडे रिक्षाला रांग असते हे सिद्ध केल्याबद्दलच त्याला पदवी द्यावी.

एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पापड, पारवा, कंबर, फुलं. देशात बुद्धी मरणपंथाला लागली आहे आणि हे लोक तिच्या शेजारी बसून पीठ मोजतायत.

१२ जानेवारी

पानं शून्य, पण पेपरचा विषय सुचला. 'संशोधनाची चाळण'. चौसष्ट पेपर घ्यायचे, चाळणीत घालायचे, एकेकाची सालं काढायची. भर सभेत. विमलाबाई समोर. लिहून काढायची गरज नाही, मुद्दे डोक्यात आहेत.

सविता म्हणाली, चौसष्ट वाचणार कधी? मी म्हटलं, आतलं कशाला वाचायचं? शीर्षकावरून माणूस कळतो. आत शिरणं म्हणजे शीर्षकावर अविश्वास दाखवणं. ती म्हणाली, बरं. तिचं 'बरं' मला आवडत नाही.

१७ जानेवारी

सापडला! त्रेपन्नावा पेपर. 'चाळीतील सड : कारणे आणि उपाय.' चैताली शिरसाठ, मुक्काम विंचूर. दोन शब्द आणि आग! प्रथम वर्षाला ही मुलगी माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसायची. मी पेटवलेली ठिणगी कुठे जाऊन पडली बघा.

चाळ मला कोणी शिकवू नये. भद्रकालीतल्या चाळीत माझी पहिली सोळा वर्षं गेली. नळावरची भांडणं, सामाईक संडास, मालकाचा माज, जिन्याखालची कुजबुज. त्या सगळ्याला एका शब्दात पकडलंय पोरीने : सड.

तिच्या नावापुढे 'वनस्पतिशास्त्र विभाग' असं छापलंय. डीटीपीवाल्यांचा गाढवपणा. लाल पेनाने 'समाजशास्त्र' केलं. नवं पेन छान चालतं.

२४ जानेवारी, दुपारी

चैतालीला फोन केला. म्हटलं, तुझ्या पेपरने मला हलवलं. ती गोंधळली. सर, तुम्ही वाचला? म्हटलं, शीर्षक वाचलं, बाकीचं दिसलं.

मग बोलत सुटली. मागून ट्रॅक्टरचा आवाज, पण मुद्दे टिपून घेतले.

एक. चाळ तिच्या वडिलांनीच बांधली, घराला लागून. म्हणजे मालकाची मुलगी मालकाविरुद्ध उभी! दोन. पंचवीस जणींची चाळ आहे. पंचवीस बाया एका छपराखाली. तीन. मे महिन्यात भरते, दिवाळीच्या आसपास रिकामी होते. म्हणजे हंगामी मजूर बाया, गाव सोडून आलेल्या. चार. वरून कितीही केलं तरी उपयोग नाही सर, वारा खालून खेळला पाहिजे. काय वाक्य आहे! बदल खालून आला पाहिजे, हे मी वीस वर्षं ओरडतोय. पाच. एक सडला की शेजारच्याला लागण होते, म्हणून सडलेले दर आठवड्याला निवडून बाहेर फेकायचे. हे जरा कडक वाटलं. पण क्रांती मवाळ नसते.

मी विचारलं, वडिलांचा विरोध नाही? म्हणाली, नाही सर, बापूच दर रविवारी माझ्यासोबत चाळीत उतरून सडलेले वेगळे करतात. हृदयपरिवर्तन! बापाचं! चाळणीत त्रेसष्ट कचरा, वर उरलेला एकच दाणा.

२ फेब्रुवारी

सविताला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली. विचारलं, विंचूरची चाळ म्हणालात ना? ते ॲबस्ट्रॅक्ट आतून वाचलंत का एकदा? मी म्हटलं, शिरसाठांच्या मुलीशी वीस मिनिटं बोललोय. ती म्हणाली, अहो, आमच्या निफाडलाही चाळ आहे. मी म्हटलं, तुझ्या माहेरी तीन खोल्यांचा स्लॅब आहे, मी बघितलाय, उगाच चाळीत राहिल्याचा आव आणू नकोस. तिने पुन्हा लाटणं उचललं. मग म्हणाली, बोला मग. मी रजा टाकते, ऐकायला येते.

बावीस वर्षांत पहिल्यांदा रजा टाकतेय. विषयाची ताकद.

१४ फेब्रुवारी

पानं शून्य. प्रबंधाचा मार्च ठरला. एकतीस दिवस, रोज दहा, तीनशे दहा. दहा पानं उलट जास्तच.

२२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

आज. नवा कुर्ता. नोट्स नाहीत, हात मोकळे हवेत. विमलाबाई ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसतात, तशा आल्या असतील. पाचवी मुदतवाढ खिशात.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

भाषण उत्तम झालं. हशा भरपूर. टाळ्याही. एक तांत्रिक गैरसमज झाला, तेवढाच.

क्रमाने लिहितो.

पापडाला, पारव्याला, कंबरेला सोलून काढलं. नागलीवाला सोमा म्हणून सुरगाण्याकडचा मुलगा आहे, पहिल्या रांगेत होता, खाली मान घालून लिहून घेत होता. मी म्हटलं, लिहून घे, पीठ कमी पडेल. हशा. मग आवाज खाली आणला. म्हटलं, मित्रहो, या कचऱ्यात एक निखारा आहे. चाळीतील सड!

मागच्या तीन रांगांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. विंचूर-लासलगावकडचे शेतकरी होते, टोप्या घातलेले. म्हटलं, बघा, खेड्यातल्या माणसालाही कळतं. मग सुटलो. पंचवीस बाया. सामाईक संडास. मे महिन्यात भरलेली आणि दिवाळीपर्यंत घुसमटलेली माणसं. मी गरजलो, तुमच्या शेजारी सडलेला कोण आहे? ओळखा त्याला! उचला! चाळीबाहेर फेका!

हशा. मोठा. मला वाटलं, उपरोध पोचला. मी अजून चढलो. पंचवीस जणींच्या अब्रूचं काय, असं विचारलं. शेवटच्या रांगेत एकजण खुर्चीवरून घसरला.

तेव्हा एक म्हातारा उठला. हात जोडले. म्हणाला, सर, लय झ्याक बोलता. पर आमच्या चाळीत कांदं ऱ्हात्यात. मान्सं घरात ऱ्हात्यात. पंचवीस जनी न्हाय, पंचवीस टनी चाळ हे ती. पंचवीस टन कांदा मावतो. आन् बाया कोंबल्या आसत्या तर माझ्या मंडळीनं मलाच बाहीर फेकला आसता.

ते चैतालीचे बापू होते.

सभागृह पाच मिनिटं शांत झालं नाही. मी म्हटलं, मी प्रतीकात्मक बोलत होतो. बापू म्हणाले, आसंल, आसंल, बोला तुमी. हे त्यांनी चांगुलपणाने म्हटलं, ते जास्त लागलं.

दुपारी चैताली समाजशास्त्राच्या सत्रात बोलली, कारण मीच तिला तिथे टाकलं होतं. अध्यक्षीणबाईंना काय विचारावं कळेना. पण टोपीवाले सगळे तिच्यामागे आत शिरले आणि दाराशी उभे राहिले. तीन वर्षं, बेचाळीस चाळी, दर रविवारी सडलेला कांदा निवडून वजन. खालून हवा खेळवलेल्या चाळीत सड निम्म्यावर. टोपीवाल्यांनी प्रश्न विचारले. जमिनीपासून किती फूट उंच? पत्रा की कौल? तिला प्रत्येकाचं उत्तर येत होतं. सोमाने नागली साठवण्याबद्दल विचारलं, तेही तिने सांगितलं. दोघं मग व्हरांड्यात कागदावर काहीतरी काढत बसले. पापड आणि कांदा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

शेवटी आभार मानताना ती म्हणाली, सरांनी फोन करून माझी विचारपूस केली, असं दुसऱ्या कोणी केलं नाही. उपहास नव्हता. मी तपासून बघितलं. नव्हता.

२३ फेब्रुवारी, सकाळी

विमलाबाईंकडे गेलो, सविता सोबत. बाईंनी चहा दिला. एकच विचारलं. ॲबस्ट्रॅक्ट उघडलं होतंस का रे? किती ओळींचं होतं माहीत आहे? बारा. पहिल्या ओळीत 'कांदा' हा शब्द दोनदा आहे.

मी म्हटलं, बाई, चाळ हा शब्दच फसवा आहे. त्या म्हणाल्या, नाशिक जिल्ह्यात नाही.

मुदतवाढीचा फॉर्म मी पुढे सरकवला. त्यांनी तो वाचला. पूर्ण, मागची बाजूसुद्धा. मग परत दिला. म्हणाल्या, तुझ्या एकट्याची चूक नाही. अकरा वर्षांपूर्वी तुझा विषय मंजूर केला तेव्हा मीही शीर्षकच वाचलं होतं. आत काही नव्हतं, पण शीर्षक फार चांगलं होतं रे.

रिक्षात सविताकडे वळलो. माहीत असून सांगितलं का नाहीस, असं मी रागाने विचारलं. म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही माझ्या माहेरच्या खोल्या मोजल्या.

३१ मार्च

विमलाबाई रिटायर झाल्या. निरोप समारंभात मला बोलायला सांगितलं नाही. नवव्या रांगेत बसून पाच भाषणं ऐकली. दोघांनी एकच किस्सा सांगितला. माझाच होता.

संध्याकाळी विद्यापीठाची मेल. नोंदणी रद्द. विषयाचं नाव बरोबर लिहिलंय. मार्चमध्ये लिहून झालेली पानं : शून्य.

नवा संकल्प : संशोधनाच्या या बाजाराविरुद्ध व्याख्यानमाला. सात व्याख्यानं. नांदगाव, येवला, कळवण. विंचूर वगळून.

५ एप्रिल

व्याख्यानमालेबद्दल फोन केले. येवल्याचे म्हणाले, सर, चाळीचं भाषण करणार असाल तर या. व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय.

फोन ठेवला.

१३ एप्रिल, सकाळी १०

चैताली घरी आली. पिशवीत कांदे आणि दोनशे चाळीस पानांचा प्रबंध. सर, शुद्धलेखन बघाल? तुमच्याशिवाय कोणाला सांगू? बापू खाली जीपमध्ये बसले होते, वर या म्हटलं तर म्हणाले, नगं, तुमी वाचा.

नाही म्हणणार होतो. लाल पेन हातात होतं, म्हणून घेतला.

सकाळी ११.४०

शीर्षकपान झालं. सविता बघत होती, म्हणून पान उलटलं. पहिल्या आठ पानांत पाच चुका. सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या. वाक्यं साधी. एकही विशेषण नाही. तरी पुढे वाचत राहावं वाटतं, हे विचित्र आहे.

पान ९. लिहिलंय की काही कांदे आतून सडत जातात आणि ते बाहेरून ओळखू येत नाहीत. वरची साल घट्ट आणि चकचकीत राहते. वास सुटेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

बरं लिहिलंय. चूक एकही नाही. सविता ओट्याशी चैतालीचेच कांदे चिरत होती. तिला तेवढा उतारा वाचून दाखवला. म्हटलं, तीन वर्षांच्या संशोधनातून काढलंय पोरीने हे.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, मला लग्नापासून माहीत आहे.