भिंगऱ्याचं पोतं

९ नोव्हेंबर

आणलं एकदाचं! मोटर दुरुस्तीच्या दुकानामागच्या भंगारात कुत्री व्याली होती, त्यातलं हे शेंडेफळ. जळक्या मोटरीच्या रिकाम्या बॉडीत मुटकुळं करून पडलं होतं. दुकानातला पोरगा नत्थू म्हणाला, "शेठ, कायले झंझट? वहिनी अजून वॉकर धरून चालून राह्यल्या." अरे, तिच्यासाठीच तर! मी सकाळी देवळीला दुकानात निघालो की वच्छला बोरगावच्या घरात एकटी. रामबाई घरकाम, स्वयंपाक करते, तिला जेवू घालून संध्याकाळी जाते. पोरगी अंजू लग्न होऊन अमरावतीला. श्रावणात वच्छला न्हाणीत पडली, मांडीत रॉड टाकला, तेव्हापासून तिचं बोलणंच आटलं. घरात काही तरी हलतं-डुलतं पाहिजे.

पिशवीतून काढलं. खाली ठेवल्याबरोबर गोल गोल फिरलं आणि बसलं मुतायला. भर हॉलमध्ये! वच्छला हसली. खरंच हसली! "भिंगरी हाये थे तं," म्हणाली.

नाव ठरलं — भिंगऱ्या.

१० नोव्हेंबर

झोप नाही. मी हॉलमध्ये दिवाणावर, तो खाली पोत्यावर. वच्छला आतल्या खोलीत खाटेवर, दार उघडं. तिच्या खाटेला जरा धक्का लागला तरी मांडीत कळ जाते, म्हणून ऑपरेशनपासून मी बाहेर झोपतो. हाक मारली की ऐकू येते. मारत मात्र कधी नाही.

माझे कान तिखट आहेत, हे सारा देवळी तालुका सांगेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरीला, मूठ कानाला — बेअरिंग कुठं झिजून राहिलं ते न खोलता सांगतो. वर्ध्याला दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारायचो तेव्हा मोटरीत नवी तार गुंडाळायचं वाइंडिंग कोणी शिकवलं नाही. ऐकून ऐकूनच शिकलो. पण या लेकाचं कुईकुई कळेना! भूक? थंडी? मायची आठवण? की तीच भानगड? दर वेळी उठलो, उचललं, अंगणात पेरूखाली ठेवलं. मी लुंगीवर कुडकुडतो, हा तारे मोजतो. आत आणला की — गोल, गोल, झालं!

पोछा मारला. मग कोरडं फडकं. मग हातानं चाचपलं. टाइल्स ओल्या असल्या की नुसती काच! डॉक्टर म्हणाले होते, "पुन्हा पडल्या तर त्यांना उभं करणं माझ्या हातात नाही." ते वाक्य डोक्यात बसलंय, निघत नाही.

१२ नोव्हेंबर

अंजूचा फोन. ती मोबाइलवर पाहून सांगते. "बाबा, ओरडायचं नाई. रोज एकाच जागी न्यायचं, त्याले वासानं जागा कळते. बाहेर केलं की लगेच खाऊ द्यायचा. अन् संध्याकाळनंतर पाणी कमी."

ठीक. खिशात टोस्टचे तुकडे ठेवले. दुकानात पाना काढायला हात घातला तर टोस्ट निघाला. नत्थू दिवसभर हसला.

वच्छलाही संध्याकाळनंतर पाणी पीत नाही, आज लक्षात आलं. म्हटलं, "दोघांचा एकच उपवास काय वं?" "हो," म्हणाली. बस.

१३ नोव्हेंबर

पुन्हा हॉल. पुन्हा पोछा. टोस्ट मीच खाल्ले.

१५ नोव्हेंबर

सापडलं!

काल रात्री पेरूखाली त्याला सोडून मी पायरीवर बसलो आणि डोळे मिटून नुसतं ऐकलं. त्याचं नाक चालू — सूं सूं सूं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शोधून राहिला होता बिचारा! आदल्या दिवशी तिथं थोडं केलं होतं, तीच जागा शोधत होता. सापडणार कुठून? पहाटे रामबाई येते, अंगणभर शेणाचा सडा टाकते, वर रांगोळी. त्याचा वास रोज शेणाखाली गाडला जातो. त्याला रोज नवं गाव! आम्हीच पुसायचं आणि आम्हीच कुत्र्याला मठ्ठ म्हणायचं!

सकाळी रामबाईला म्हटलं, पेरूखालचा कोपरा सोडून सडा टाकत जा.

"कोपरा सोडू? मायबाई! लक्ष्मी काय म्हणन, भाऊ?"

"तिले सांग, गेटातून सरळ ये, पेरूकडे नको वळू."

वच्छला खिडकीतून ऐकत होती. "सोड वं रामबाई," म्हणाली, "लहान जीव हाये. त्याच्या हातात हाये काय थे?"

मी चाट! ही बाई एकेकाळी माझ्या चपलेची माती दिसली तर दोन दिवस बोलायची नाही.

१६ नोव्हेंबर

कमाल! रात्री कुईकुई, पेरूखाली, सूं सूं, गोल गोल, आणि तिथंच! टोस्ट दिला. स्वतःच्या पोरीच्या दहावीच्या निकालाला एवढा आनंद झाला नव्हता. हॉल कोरडा ठणठणीत.

आज वच्छलानं एक मागितलं. काही मागितलं यातच मला बरं वाटलं. "अंजूचे बाबा, त्याचं पोतं माह्या खाटेपाशी टाकत जा. रात्री सोबत होते."

टाकलं.

१८ नोव्हेंबर

खाटेपाशी ओलं. पोतं चिंब, भोवतीही पाणी. वच्छला आधीच जागी. "यानं केलं," म्हणाली. "पोतं मीनं वरून सरकवलं, पाय नको पडाले म्हणून."

रात्री तर त्याला बाहेर नेलं होतं. केलंही होतं. मग?

१९ नोव्हेंबर

पुन्हा खाटेपाशी! हॉल कोरडा, ओसरी कोरडी, स्वयंपाकघर कोरडं. नेमकी तिचीच खोली. ज्या चार हात जागेत तिचा पाय पडतो, तिथंच!

नत्थूचा सल्ला — "नाक घासा त्यातच, शेठ. एका दिवसात सुधरते." अंजू नाही म्हणाली होती, पण मी वैतागलो होतो. भिंगऱ्याची मान धरली, खाली नेली. तो आक्रसला. आणि वच्छला ओरडली — "नका! नका करू तसं! सोडा त्याले!" एवढा आवाज तिच्यात आहे हे मी विसरलो होतो. सोडलं. तो खाटेखाली गेला, थरथरत बसला. तीही थरथरत होती.

मला लाज वाटली. कशाची, नीट सांगता येत नाही. मुक्या जीवावर हात टाकल्याची असेल.

२० नोव्हेंबर

दुकानात कामाचा डोंगर. गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू, व्होल्टेज मरतं, मोटरी जळतात. माझं लक्ष नाही. एका पाटलाच्या मोटरीला कान लावला आणि काहीच ऐकलं नाही — डोक्यात कुत्रंच!

भिंगऱ्याला सोबतच आणलं होतं, मधल्या वेळात जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, एवढंसं पिल्लू आणि एवढं पाणी? साखर-बिखर तर नाही? डॉक्टरांनी उलटं पालटं करून पाहिलं. "पिल्लू एकदम चांगलं हाये. तुम्हीच वाळून राह्यले. झोपा जरा."

झोपा म्हणे!

२१ नोव्हेंबर

रात्रभर कान देऊन पडलो. भिंगऱ्या चालला की टाइल्सवर नखं वाजतात — टिक टिक टिक. पोत्यावरून उतरून माझ्यापर्यंत आला तेवढी एकदा वाजली. बाहेर नेलं, झालं, टोस्ट. परत पोत्यावर सोडला. त्यानंतर नखं नाहीत. पहाटे थोडा डोळा लागला असेल, तेवढाच.

सकाळी खाटेपाशी ओलं.

म्हणजे मला ऐकू आलं नाही! आयुष्यात पहिल्यांदा कानांची भीती वाटली. पन्नाशी उलटली, दुकानभर ग्राइंडर ओरडतो. हे कान गेले तर नत्थू चार दिवस झाकून नेईल, पुढे? हे तिला सांगितलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती. "जाऊ द्या नं," म्हणाली, "तुम्ही दिवसभर मरमर करता, रात्री तं झोपत जा. पुसते मी."

पुसते म्हणे! वाकता येत नाही आणि पुसते!

२२ नोव्हेंबर

कोरडं. देवा! असंच राहू दे.

२३ नोव्हेंबर



पहाटे वॉकरचा आवाज आला — ठक. पुढचा ठक आला नाही. घसरल्याचा आला. धावलो. वच्छला कपाटाला धरून लोंबकळलेली, एक पाय पुढे गेलेला, वॉकर आडवा, खाली ओलं. धरलं. कशी धरली मला ठाऊक नाही. खाटेवर बसवली, पाय चाचपला — "दुखते? इथं दुखते?" ती नाही-नाही म्हणत राहिली. लुगड्याचा काठ ओला झाला होता, तो तिनं मुठीत घट्ट धरला होता, सोडेचना.

मी भिंगऱ्याकडे पाहिलं. तो झोपेतून उठून शेपूट हलवत होता. बस! मी म्हटलं, "आता हा घरात नाही."

ती रडली. मांडीत रॉड गेला तेव्हा रडली नव्हती. अंजूच्या पाठवणीला रडली नव्हती. "त्याले काऊन काढता? त्याची काई चूक नाई. मी सांगते नं तुमाले, त्याची काई चूक नाई!"

"मग कोणाची? माझी?"

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

आणखी एक पडणं म्हणजे तिचं चालणं संपलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला कुत्रं. यात विचार करण्यासारखं काही नाही. तरी दिवसभर विचार करून राहिलो आहे.

२४ नोव्हेंबर

खोटं बोललो. तिला म्हटलं, डॉक्टरला पुन्हा दाखवतो, संध्याकाळी सोबत आणतो. भिंगऱ्याला गाडीच्या पेट्रोल टाकीवर बसवून देवळीला नेलं. रस्ताभर माझ्या हातावर हनुवटी ठेवून बसला.

नत्थूला सांगितलं, आता तुझा. त्यानं चहा आणला. संध्याकाळी शटर ओढलं तर हा शटरखालून नाक काढून — सूं सूं सूं. नत्थू म्हणाला, "जा तुम्ही. मागं पाहू नका."

मुद्दाम उशीर केला. घरी पोहोचलो तेव्हा रामबाई गेलेली, वच्छला दुखण्याची गोळी घेऊन झोपलेली. दिवा लावला नाही. पोतं तसंच खाटेपाशी. उद्या काय सांगायचं? पळाला सांगू? गाडीखाली आला सांगू? नाही, तसं नको. ती किती रडेल याचीच धास्ती. ऐकू येईल असं काही नाही आज घरात. तरी झोप नाही.

२५ नोव्हेंबर

अंधारातच तिचा आवाज — "अवो, पाय सांभाळून येजा. पुन्हा केलं यानं."

मी दारात उभा. खाटेपाशी ओलं. वर पोतं सरकवलेलं. भिंगऱ्या देवळीला.

मग मी म्हटलं, "हो. बदमाश आहे साला." पोछा आणला, पुसलं, कोरडं फडकं मारलं. ती गोधडीतून बघत असावी. मी वर पाहिलं नाही.

अंगणात येऊन नत्थूला फोन लावला — कुत्रं देऊ नको कोणाला, येऊन राहिलो. गाडी काढतो आहे, उजाडल्याबरोबर तिला तो पोत्यावर दिसला पाहिजे. आज रात्रीपासून त्याला बाहेर न्यायच्या वेळी तिलाही उठवायचं, हात धरून आधी न्हाणीत, मग अंगणात न्यायचं. का म्हणाली तर सांगीन, मले एकट्याले अंगणात भेव लागते.