निळ्या ठिगळाचे जोडे

४ मार्च

पुन्हा नवे जोडे! बाहेर लोक फाटक हलवताहेत, राज्य आज बुडतं की उद्या अशी गत, आणि राणीसाहेबांना नाचायला पांढरे रेशमी जोडे हवेत! माझा पाय पडला नेमका त्यांच्या मापाचा, तेच नशीब आडवं आलं. नवा जोड आधी मी वापरायचा, चावे मी खायचे, मऊ झाला की तो त्यांच्या पायात. दिवसभर दालनात येरझाऱ्या घातल्या. टाचेचं सालटं निघालं.

५ मार्च

घरी जाऊ द्या म्हटलं. आमच्या किल्लीवाल्या बाई, म्हणजे सगळ्या नोकरांच्या मुकादमीण, काय म्हणाल्या? "हा जोड तयार झाला की जा." अहो, यात नाचणार कोण आता! तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळी अगदी खरीखुरी तळपायाची.

६ मार्च

येरझाऱ्या.

७ मार्च

दूधवालीनं दादाचा निरोप आणला. माझा भाऊ मोची, हल्ली बंडवाल्यांत आहे. "उद्या सकाळीच नीघ. नंतर आतल्या कुणाची खैर नाही. मी पुढच्या फाटकावर असेन, तू मागच्यानं ये. तिथली पोरं तुला ओळखत नाहीत, पण मी शिवलेले जुने जोडे घाल, निळ्या ठिगळाचे. ठिगळ दिसलं की कुणी हटकणार नाही."

बाईंकडे गेले, तर पुन्हा तेच पालुपद. "जोड तयार झाला का?" माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्ही कोण मला अडवणार? माझं निळं ठिगळ बघूनच फाटक उघडणार आहे!"

बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग एकदम गोड. "जा हो बाळ. सकाळी मीच दार उघडून देते." स्वतःच्या हातानं माझ्या टाचेला लोणी लावलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला मेलीला रडूच आलं.

८ मार्च, सकाळ

जोडे नाहीत! खाट उलटी केली, पेटी उपसली. कुठ्ठं नाहीत. बाईंना विचारायला गेले, तर बाईही नाहीत. किल्ल्यांचा जुडगा कुलपालाच लटकतोय. राणीसाहेबांचं अंथरूण गार, खोली रिकामी. माझ्याच मापाचा पाय! आणि मी माझ्याच तोंडानं सांगून बसले. कसं लक्षात आलं नाही? लोणी लावलं म्हणून पाघळले, दुसरं काय! आता ठिगळाशिवाय मला फाटकाबाहेर कोण सोडणार?

८ मार्च, दुपार

दूधवाली खिडकीखालून ओरडली, "अगं, तू अजून आत? निळं ठिगळ तर सकाळीच गेलं म्हणतात! ते ऐकून तुझा दादाही घरी गेला!"

फाटक पडलं. "राणी कुठाय?" ओरडत लोक जिना चढताहेत. पांढरे जोडे खिडकीतून भिरकावले, अनवाणी बसलेय. या बंडवाल्यांत मला तोंडावरून ओळखणारा एकटा दादा. तो घरी गेलाय — मी पोचले असेन म्हणून.