एका ताटात दोघं

३ डिसेंबर २०१८, सोमवार
आलो बाई एकदाचे चिखल्याला! चिकूच्या वाडीमागं जुनी कौलारू शाळा आहे, तिथं आता आठवण गेलेल्या माणसांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं केंद्र निघालंय. आठवड्यातून तीन दिवस यायचं. वाणगावहून टमटमनं येताना आमच्या ह्यांनी तीनदा विचारलं, बाई, तुम्ही कोण? पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी बाई! पण आज रडले नाही. नात दिशा सकाळीच चिडवत होती, आजी शाळेत चालली म्हणून. खरंच की, केंद्र चालवणाऱ्या निलमताईंनी ही वही दिली. म्हणाल्या, गोदूबाई, रोजचं लिहा, मन हलकं होतं. चौथी झालेय, तेवढं येतं मला.

आमच्याशिवाय पाच जोडपी आहेत इथं. बाया सगळ्या आजारी, नवरे मात्र ठणठणीत, हे नवलच. नियम एकच, जोडप्यानं एका ताटात जेवायचं. समोरचं माणूस खाताना दिसलं की आजाऱ्याला घास चावायचं सुचतं म्हणे. मला काय त्याचं! लग्न झाल्यापासून ह्यांच्याच ताटात जेवतेय.

५ डिसेंबर, बुधवार
भात आणि बोंबलाचं कालवण. ह्यांनी घास नुसता चघळला, गिळलाच नाही. मग बोटं घालून बाहेर काढला. करडा लगदा, हनुवटीपर्यंत लाळेची तार. आणि धरला माझ्या ओठांशी! मी तोंड फिरवलं. समोर रखमीचा नवरा रविंद्र बसला होता, म्हणतो कसा, "काय गोदूवैनी, नवऱ्याची किळस येते?" मेला! नातवंडांचं उष्टं कमी खाल्लंय का मी? गिळला. कोमट होता.

टमटमीत ह्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "गोदू, पदर सांभाळ, चाकात जाईल." गोदू म्हणाले! दोन वर्षांनी! घरी जाऊन शिरा केला.

१० डिसेंबर, सोमवार
आज तीन घास. एकात केस होता, एकात ह्यांच्या हिरडीचं रक्त. वाडीत जाऊन ओकारी काढली, पण वर पाण्यासारखंच आलं, घास आतच राहिले. हे मात्र खुलले! सगळ्यांना आमच्या काळ्या गाईची गोष्ट सांगितली, ती अडली तेव्हा मी वासरू कसं ओढून काढलं ती. सगळे हसले, मीही हसले.
आमच्याकडे गाय होती?

१४ डिसेंबर, शुक्रवार
रखमीची लाळ पुसता पुसता रविंद्रला विचारलं, ही कधीपासून अशी? तो म्हणाला, "ही कुठं आजारी होती? आजारी मी होतो. हीच मला इथं घेऊन आली."
शेजारच्या ताटावरच्या नूतनचंही तसंच. पाचही बायांचं तसंच.
निलमताईंकडे धावले. त्या भात वाढत होत्या. शांतपणे म्हणाल्या, जबरदस्ती कुणावर नाही, नको असेल तर तोंड मिटून घ्या.

१७ डिसेंबर, सोमवार
तोंड मिटलं. लगदा गळ्यावरून पोलक्यात ओघळला, दिवसभर आंबत राहिला. सुटले म्हटलं.
संध्याकाळी ह्यांनी विचारलं, बाई, तुम्ही कोण?
नाही सहन होत मला. नाही होत.

१९ डिसेंबर
पाच घास. की सात. हे गोदू गोदू म्हणतात, किती गोड वाटतं. वास येतो कुजका — पण चव लागली जिभेला. बोटंही चाटली ह्यांची.

२१ डिसेंबर
एक पोरगी आली होती. आजी, घरी चल म्हणून रडत होती. हे म्हणाले, अगं, ही आपली दिशा. असेल.
ह्यांना आता सगळं आठवतं. सगळं कळलंय. म्हणतात, आता परत इथं यायचं नाही, मी तुला भरवणार नाही.
मग मी काय खाऊ —

सोमवार
घरच्या ताटातला भात गिळवत नाही. कोरडा. चावलेला पाहिजे.
म्हातारा समोर बसून जेवतो. तोंड फिरवतो. रडतो. गोदू, नको गं, म्हणतो. कोण गोदू —

दात घट्ट मिटलेत त्याने. मी बोटं घातली. एक दात हलला — आत घास आहे — गरम आहे अजून — जीभ मधे येतेय, ती जरा