पोचवायला कोण हवं?

४ ऑक्टोबर
पोचले एकदाची तोक्योला. निघताना आमच्या गावी, केसेन्नुमाच्या स्टेशनवर, आई म्हणाली, चौतिसाव्या वर्षी बायका मुलांच्या शाळा बघतात आणि तू मासे कापायला निघालीस. मी म्हटलं, मासे निदान टोमणे मारत नाहीत. ती हसली नाही. खोली एवढीशी आहे, न्हाणीघरात वळता येत नाही, पण खिडकीतून कालवा दिसतो आणि दाराची किल्ली एकट्या माझ्याकडे आहे. संध्याकाळी उगीचच कुलूप लावलं, काढलं, पुन्हा लावलं. फार बरं वाटलं.

११ ऑक्टोबर
बाजारातल्या आमच्या गाळ्यावर सुरी धरणारी मी एकटीच बाई. मालक इवासे पहिल्याच दिवशी म्हणाले, बायकांचे हात गरम असतात, माशाची चव उतरते. मी त्यांच्यासमोर बर्फाच्या पाण्यात हात घातले आणि अख्खा ट्यूना कापून दाखवला. त्यांनी एक तुकडा उचलून वास घेतला आणि पुढे गेले. आज मात्र जाता जाता म्हणाले की काम असंच राहिलं तर नव्या वर्षाच्या लिलावातला मोठा मासा तूच काप. या गाळ्यावर आजवर कुठल्या बाईने तो कापलेला नाही. मला तो मासा हवाय. दुसरं काही नको.

१९ ऑक्टोबर
गल्ल्यावरच्या फुसाएताई पन्नाशीच्या, दोन नवरे सोडून बसलेल्या, तोंडाने फटकळ. काम आटपल्यावर म्हणाल्या, चल, पुरुषांकडून सेवा कशी करून घ्यायची ते तुला शिकवते. काबुकिचो या रात्रीच्या वस्तीतला त्यांचा नेहमीचा होस्ट क्लब, जिथे पुरुष पैसे घेऊन बायकांची सरबराई करतात, सकाळीही उघडतो, रात्रपाळीच्या बायकांसाठी. अंगाला माशांचा वास मारत होता, तरी दारातल्या तरुणाने कमरेत वाकून ‘या, राणीसाहेब’ म्हटलं. आजवर प्रत्येक मेजवानीत पुरुषांचे पेले मी भरत आले. इथे माझा पेला रिकामा म्हणून होऊ देत नाहीत. चक्क डोळ्यांत पाणी आलं.

पहिल्या खेपेला सगळे होस्ट आळीपाळीने शेजारी बसून जातात. निघताना मॅनेजर विचारतो, दारापर्यंत पोचवायला कोण हवं? ज्याचं नाव घेशील तो तुझा, नीट विचार करून सांग, असं ताई म्हणाल्या. टोकाला पांढऱ्या कोटातला एक गप्प बसला होता, त्यानेच सर्वांत छान ऐकून घेतलं होतं. नाव तोवा. तोवा म्हणजे कायमचा. या मंडळींची नावं ऐकून हसू येतं. मी तोवा म्हटलं, तर टेबल शांत झालं. मग मॅनेजरने खाली वाकून नमस्कार केला. लिफ्टपाशी तोवाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, किती गरम आहे.

२ नोव्हेंबर
आता दर सुट्टीच्या आदल्या सकाळी जाते. तोवा सुरीला धार कशी लावायची तेसुद्धा विचारतो. गावात एकाही पुरुषाने मला हे विचारलं नव्हतं. आज तो स्टेशनपर्यंत पोचवायला आला. फुसाएताई पलीकडच्या टेबलावर असतात, पण आमच्याकडे बघत नाहीत. हेवा वाटत असेल.

१० नोव्हेंबर
आज थेट इमारतीपर्यंत आला. मी म्हटलं, बस झालं, आता मागे फिर. तो म्हणाला, पोचवणं हेच तर माझं काम. वर येऊन खिडकीतून पाहिलं. भर उन्हात तसाच उभा होता, मान वर करून. मला ते आवडलं नाही.

१६ नोव्हेंबर
मॅनेजरला सांगितलं, मला दुसरा द्या. तो म्हणाला, एकदा निवडलेला बदलता येत नाही, सगळ्या गल्लीचा नियम आहे. तोवा स्वतः नोकरी सोडेल तेव्हाच. मग सोडायला सांगा, मी म्हटलं. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. फुसाएताईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि म्हणाल्या, अगं, तो केव्हाच गेला. गच्चीवरून उडी मारली. नोकरी सोडली नव्हती, म्हणून नाव अजून आहे. काही बायका गेलेल्याचं नाव घेऊन येतात, त्याच्यापुढे पेला ठेवतात, मन हलकं करतात. तूही त्यातलीच असशील असं आम्हाला वाटलं. अशा वेळी कोणी काही विचारत नाही.

मी विचारलं, मग माझा पेला कोण भरत होतं?

ताई म्हणाल्या, तूच भरत होतीस. आधी त्याचा, मग तुझा.

२४ नोव्हेंबर
क्लब सोडला. आज कामावरून आले, कुलूप काढलं. तो आत बसला होता, टेबलापाशी. काही करत नाही. बोलत नाही. चहाची वाट बघतो. मी ओरडले, उशी फेकली. शेवटी चहा ठेवला, कारण तेवढ्यानेच त्याची माझ्यावर रोखलेली नजर खाली जाते. मला भयंकर भीती वाटते आहे.

१ डिसेंबर
ताईंकडे राहायला गेले. तिथवर तो पोचवायला आला. परत आणायलाही.

५ डिसेंबर
हात गार पडलेत. बर्फात न घालताच. सुरी दोनदा सुटली — मालक नुसते बघत राहिले. त्याचा भात व्हायचा असतो म्हणून उशीर होतो, हे त्यांना कसं सांगू —

११ डिसेंबर
आज त्याने गजर बंद केला, उठवलंच नाही मला. मालकांचा फोन आला, त्याने उचलला. ऐकू आलं — ती आता कामाला येणार नाही. इतका मऊ आवाज. मी हिसकावून घेतला, म्हटलं, येते, मी येते, हा माणूस मेलेला आहे. मालकांना कसलंच नवल वाटलं नाही. अभिनंदन म्हणाले. आज ना उद्या हे व्हायचंच होतं म्हणाले. मोठा मासा दुसऱ्याला दिला.

१३ डिसेंबर
आईचा फोन. तोही त्यानेच — आई आनंदाने रडली. किती सभ्य बोलतो म्हणाली. मी सांगितलं, आई, तो जिवंत नाही गं. ती म्हणाली, सुरुवातीला सगळ्याच जणी असं काहीबाही बोलतात. सवय होते. पहिला चहा त्याला देत जा.

१७ डिसेंबर
फुसाएताई दाराशी आल्या. त्यांना तरी कळेल — मी धावले, तो आधी पोचला. दाराआडून त्याने काहीतरी सांगितलं. ताई माफी मागत होत्या. फुसाएताई, आणि माफी. संसारात लुडबुड केली म्हणाल्या. त्यांची पावलं जिन्यावरून —

किल्ली सापडत नाही.

तारीख माहीत नाही
आज उठायचं नाही असं ठरवलंय. काही झालं तरी. हे लिहीत बसणार. तो समोर आहे. पेला रिकामा झालाय. त्याने तो माझ्याकडे सरकवला, वहीला लागेपर्यंत. मी बघत नाही. मी चिझुरू ओनोदेरा, गाळ्यावर सुरी धरणारी, मी उठणार नाही, मी उठ