बोईसरचा सगळ्यात थंड पत्रा

३ एप्रिल, सकाळी
सॅटेलाइटवरून बोईसर-तारापूरच्या उन्हाचा नकाशा पूर्ण! तापलेली जागा लाल, थंड जागा निळी. लाल तिथे हिरवी जाळी बांधून सावली करायची, असा ऑफिसचा प्लॅन. म्हणजे यंदा कोणी भाजायचं आणि कोणी नाही, ते मी ठरवणार. डोक्यात हवा जाऊ द्यायची नाही.

५ एप्रिल
आमची पत्र्याची चाळ चक्क निळी आली. बोईसरातली सगळ्यात थंड जागा! उन्नतीला लॅपटॉपवर दाखवलं. ती बाळाला ओल्या पंच्याने पुसत होती. म्हणाली, मग हा लॅपटॉपच बाळाच्या अंगावर घालते. संकल्प : बायकोला सायन्स समजावणं बंद.

९ एप्रिल
सगळ्यात लाल निघालं तारापूरच्या किनाऱ्याजवळचं एक सिमेंटचं अंगण. साहेबांनी सगळी जाळी तिथेच मंजूर केली. जागेवर जाऊन बघणार होतो, पण ऊन फार होतं.

१४ एप्रिल
बाळाला घामोळ्या. रडून रडून आवाज बसलाय. उन्नती म्हणते, तुमचीच जाळी ना, थोडी आपल्या पत्र्यावर टाका. तत्त्वात बसत नाही. निळं म्हणजे निळं. हल्ली उशिरापर्यंत ऑफिसातच बसतो. एसीमुळे नव्हे, कामामुळे.

२० एप्रिल
उन्नती बाळाला घेऊन केळव्याला माहेरी गेली. हवापालट, दुसरं काही नाही. आता शांतपणे काम होईल.
झालं नाही.

२३ एप्रिल
जाळी बांधून झाली म्हणून तारापूरला गेलो. अंगण कसलं, मच्छीवाल्या बायकांची बोंबील-जवळा सुकवायची जागा! त्यांच्यातल्या जमनाबाई अंगावरच आल्या. आमचं म्हावरं सावलीत सुकते काय रे? उनावरच पोट हाय आमचं. माझ्यादेखत जाळी उतरवली, खाली अंथरली आणि तिच्यावर जवळा पसरला. म्हणाल्या, आता खालची धूळ लागणार नाय, तेवढं बरं केलंस. रिपोर्टमध्ये लिहिलं : महिलांचा उत्तम प्रतिसाद.

२७ एप्रिल
शेजारच्या टेबलावरचा दिपेश म्हणाला, चकचकीत पत्रा सॅटेलाइटला फसवतो. खाली भट्टी पेटलेली असली तरी नकाशात थंड दिसतो. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा चहाला गेलो असणार. सांगणाऱ्याने थांबायला नको?

३० एप्रिल
साहेबांना म्हटलं, आमच्या चाळीला थोडी जाळी द्या. त्यांनी माझाच नकाशा पुढे सरकवला. जागा निळी, सही तुमची. नकाशा चुकलाय म्हटलं. म्हणाले, आता तो वर गेलाय, बदलता येणार नाही. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. राग कोणाचा, ते लिहायला आज वेळ नाही.

१ मे, दुपार
सुट्टी. पत्र्याखाली बसवेना, म्हणून बाहेर भिंतीच्या सावलीत उभा राहून केळव्याला फोन लावला. घामोळ्या गेल्या. बाळ रांगायला लागलंय. मी पाहिलंच नाही. फार वाईट वाटलं. घ्यायला येऊ का, विचारलं.
उन्नती म्हणाली, या ना. नकाशात आपलं घर लाल झालं की या.