बर्फ संपला की घरी

४ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावता की बाटली नुसती शेल्फवर शोभेला ठेवलीत, ते आधी कळवा. इकडे देवाच्या कृपेने घर ठीक आहे. माझं मात्र चित्त थाऱ्यावर नाही.

घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून तुमच्या भावाचा जीव त्या शिडाच्या होडीत अडकलाय, हे तुम्ही जाणताच. मी कधी मोडता घातला नाही, कारण होडीत बर्फाची पेटी आहे. धक्क्यावर बर्फाची लादी घ्यायची, पेटीत दूध, भाजी आणि यांच्या इन्शुलिनची बाटली ठेवायची, की निघाले. उन्हात केबिनची नुसती भट्टी होते. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत लादीचं पाणी होतं आणि औषध तापेल म्हणून हे परत फिरतात. दारात चपला काढताना दरवेळी एकच बोलणं, की बर्फ संपला, म्हणून आलो.

आता त्या पेटीचा फ्रिज करायचं घेतलंय. बाकाखाली कॉम्प्रेसर, पेटीत गार होणारा पत्रा, मधे तांब्याची नळी, भोवती फोम, आणि सगळं चालणार होडीच्या बॅटरीवर. माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर नळ्या वाकवत बसतात. परवा भलत्याच खुशीत सांगत होते की आता पंधरा दिवस लांब गेलो तरी चिंता नाही. वन्सं, सुरी माझ्या हातात तशीच राहिली. बर्फ होता तोवर समुद्रात यांचा कान धरणारं कोणीतरी होतं. ते तुमचं ऐकतात. दोन ओळी लिहा ना.

लोभ आहे तसाच असू द्या, सोबत थोडा धीर पाठवा.
आपली,
वहिनी

१२ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

तेल लावते गं बाई, सासूबाईंसारखी चौकशी करू नकोस. घरचा फ्रिजसुद्धा तू वीज वाचवायला रात्री बंद करून झोपतेस, थंडी काय पळून जाते का म्हणतेस. तेव्हा होडीतल्या फ्रिजने तुझी झोप उडाली यात नवल नाही.

माझ्या त्या खुडबुड्या भावाला लिहिलं. लहानपणी त्याने आईचं शिवणयंत्र उघडलं होतं. परत जोडलं तर दोन स्क्रू उरले, तरी यंत्र चाललं. तेव्हापासून त्याच्या हातावर माझा विश्वास आहे, आणि त्या दोन स्क्रूंची धास्तीही. त्याचं उत्तर आलं. दीपगृहापलीकडे एक बेट आहे म्हणे. दीपगृहाशी पोचेपर्यंत बर्फ निम्मा झालेला असतो, मागे वळावं लागतं. एकदा तिथे पाय ठेवायचाय, पुढच्या वर्षी शीड ओढवेल की नाही कोण जाणे, असं लिहितो. नको म्हणायला माझी लेखणी धजली नाही.

भीती मलाही वाटते. पण तू मला सांगितलंस, देवाला सांगितलंस, फ्रिजच्या मिस्त्रीलाही सांगितलं असशील. ज्याला सांगायचं तो तेवढा राहिलाय. त्याला सांग.

माया कमी करू नकोस, पत्राला उशीर तर मुळीच नको.
तुझी,
वन्सं

२८ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार.

हे होडी घेऊन गेले, एकटेच. रोज संध्याकाळी बंदराच्या ऑफिसला रेडिओवरून कळवायचं आणि तिथल्या कारकुनाने मला फोन करायचा, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी निरोप आला, पाणी शांत, पेटी गार. दुसऱ्या दिवशीही तोच. काल काही नाही. आज काही नाही.

दुपारी यांना कॉम्प्रेसर देणारा फ्रिजचा मिस्त्री आला. उंबऱ्यातच उभा राहून विचारलं की पेटीला बॅटरी वेगळी आहे ना. मी म्हटलं, एकच आहे.  तो म्हणाला की पेटी रात्रंदिवस बॅटरी पिते. ती संपली की रेडिओ, दिवा, इंजिन सगळंच जातं. त्या वाटेने मोठी जहाजं जातात, वन्सं. बिनदिव्याची होडी त्यांना दिसणार कशी?

देवासमोर बसते तर स्तोत्र अर्ध्यावर विसरते. हिशोबाला बसले तर बेरीज जुळेना. घरचा फ्रिज गुरगुरला तरी दचकते. मुलगा धक्क्यावर जाऊन बसलाय. तुम्ही सांग म्हणालात. हे निघताना धक्क्यावर अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याऐवजी मी यांच्या हातात रजई दिली, रात्री गारठा असतो म्हणाले.

आज लोभाचं काही सुचत नाही. प्रार्थना करा.
वहिनी

३१ मार्च

ती. वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार.

आले. आधी तेच लिहिते. नुसत्या शिडावर आले, ओठ सोलवटलेले, घसा बसलेला. दारातच इन्शुलिनची बाटली माझ्या हातात ठेवली आणि अजून गारसर आहे बघ म्हणाले. मी ती आधी फ्रिजमध्ये ठेवली.

इंजिन चालवलं असतं तर बॅटरी भरत राहिली असती. पण वारा छान होता म्हणून यांनी डिझेल वाचवलं! माझ्या घरात राहून शिकले, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. पाठोपाठ दिवा गेला, इंजिनही सुरू होईना. समोर बेटावरची झाडं दिसत होती. यांनी पेटीत हात घातला आणि हे मनाशी म्हणाले की आता ही पुन्हा बर्फाचीच पेटी झाली, टिकेल तेवढी टिकेल. झाकणावर माझी रजई गुंडाळली आणि होडी वळवली. अंधारात एक जहाज इतक्या जवळून गेलं की हे पातेलं बडवत ओरडत राहिले. हे सांगताना त्यांना हसू येत होतं. मला नाही आलं.

मग मी बोलले. तुम्हाला लिहिलेलं सगळं यांच्या तोंडावर सांगितलं. बर्फ तुम्हाला घरी आणत होता, ही पेटी आणणार नाही, याची मला भीती वाटते म्हटलं. यांनी चष्मा पुसला आणि मिस्त्रीला फोन लावला.

आज मिस्त्री नवी बॅटरी घेऊन आला. ती कशाला जोडू, असं यांनी मला विचारलं. मला! मी म्हटलं, दिवा, रेडिओ आणि इंजिन नवीवर. पेटी जुनीवरच राहू द्या. मिस्त्री म्हणाला, जुनीवर पेटी फार दिवस ओढणार नाही, बेटावर जाऊन परत येण्यापुरती. मी म्हटलं, ठाऊक आहे.

माझ्याकडे एकदा पाहून हे मान खाली घालून स्क्रू आवळायला लागले. मग तसेच, वर न बघता म्हणाले की म्हणजे आता दारात चपला काढताना म्हणायचं, बॅटरी संपली, म्हणून आलो.

गुडघा सांभाळा. लोभ ठेवालच, तो काही बॅटरीवर चालत नाही.
आपली,
वहिनी