खेळाडूंना विचारा

१२ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या आइस हॉकी संघाने, पोर्ट हॅलोरन स्टर्जन्सनी, आज अक्कल गहाण टाकली. ब्रॅडी मॅकइसाक, वय बावीस, इथेच जन्मला, इथल्याच गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग शिकला. त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात घेतलं कोण, तर टोबियास लुंड. वय चौतीस. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली.
डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून बजावलंय. तेव्हा ठरवलं: चिडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त इथे लिहून मोकळं व्हायचं.

दुपारी १.१५
रेडिओ स्टेशनला तीनदा फोन केला. चिडलो नव्हतो. पण पाच मोसम ज्याने या संघाचा बचाव सांभाळला तो रायमो कोस्केला, म्हणजे मीच, गप्प बसला, तर शहर काय म्हणेल? तिसऱ्या वेळी फोन उचलला.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
दर शुक्रवारी पंधरा मिनिटं मिळाली. सोबत ल्युसियन थेरियो. माझा त्या वेळचा कर्णधार, आणि आजतागायत जिवलग. स्टेशनवाल्या बाईंचं म्हणणं, एकच आवाज लोकांना झेपत नाही.
मी तेरा मिनिटं बोललो. ल्युसियन दोनदा खोकला आणि एकदा म्हणाला की लुंडला खेळू तर दे आधी. टोबियासला मी 'म्हातारा घोडा' म्हटलं. ऐन वेळी सुचलं. बाई काचेपलीकडे हसल्या.
घरी येऊन बायकोला, आइलाला, विचारलं, कसा झाला कार्यक्रम. भांड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही म्हणाली. दोन माणसांची भांडी. असो. हॉकीतलं तिला तसंही काही कळत नाही.

२४ नोव्हेंबर, शनिवार
टोबियासने दोन गोल केले. संघ जिंकला. नशीब.
शिवाय बचावपटूने गोल करणं म्हणजे त्याने आपली जागा सोडली. मी पाच मोसमांत चार केले, कारण मी जागा सोडत नसे.

३ डिसेंबर, सोमवार
काउंटरवर रंग ढवळताना कल्पना सुचली. (दुकानात मी फक्त रंग विकतो असं मॅनेजरला वाटतं.) कुठल्याही खेळाडूची अदलाबदल करण्याआधी त्याच्या सहकाऱ्यांचं मत घ्यायला हवं. ड्रेसिंग रूममध्ये कोण कसा, हे ऑफिसातल्यांना काय ठाऊक? मोहिमेचं नाव: 'खेळाडूंना विचारा'. पन्नास बॅनर रंगवायचे, हजार सह्या गोळा करायच्या, नाताळच्या आत.
दुपारी एका बाईंना फिकट पिवळ्याऐवजी केशरी रंग गेला. दोन खोल्या रंगवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मॅनेजर म्हणाला, मत द्यायचं तर बाहेर जाऊन दे. विचार करणाऱ्या माणसाला दुकानात किंमत नसते.

१३ डिसेंबर, गुरुवार
सह्या: एकतीस. त्यातल्या दोन आइलाने केल्या, दोन्ही वेगवेगळ्या नावांनी. मी न विचारताच दिल्या, म्हणजे विषय पटलाय. मोहिमेचं बोलणं तेवढं जेवताना नको म्हणाली.
संध्याकाळी खुद्द ब्रॅडीचा फोन. आधी माझे आभार मानले, मग म्हणाला की अदलाबदल त्यानेच मागितली होती. तिकडे खेळायला जास्त मिळतं, आणि त्याची होणारी बायको तिकडची आहे. "मिस्टर कोस्केला, आता माझ्यासाठी भांडू नका. आईला बाजारात लोक विचारतात, मुलगा का रडतोय म्हणून."
पोरगा दबावाखाली आहे. आवाजावरून कळतं.

१४ डिसेंबर, शुक्रवार
रेडिओवर सांगितलं की ब्रॅडीला धमकावलं जातंय. ल्युसियनने मध्येच गाणं लावायला सांगितलं. अजून सहा मिनिटं बाकी होती.

८ जानेवारी, मंगळवार
संघाच्या व्यवस्थापक मार्गो हॅलिडे यांनी उद्या ऑफिसात बोलावलंय. शेवटी आलीच वेळ. सल्लागाराचं पद असणार. लगेच हो म्हणायचं नाही. एक आठवडा मागायचा.
ब्लेझर इस्त्री केला. बटण लागत नाही, पण उघडा ब्लेझर जास्त रुबाबदार दिसतो.

९ जानेवारी, बुधवार
पद नव्हतं.
हॅलिडेबाईंनी कॉफी दिली. त्या छत्तीस वर्षांच्या आहेत. टीका करा म्हणाल्या, आम्हाला हवे तेवढे शिव्याशाप द्या, अदलाबदल चुकली म्हणा. फक्त तो 'म्हातारा घोडा' थांबवा. टोबियासची मुलगी आठ वर्षांची आहे, इथल्या शाळेत नवीन. मधल्या सुट्टीत मुलं तिच्याभोवती जमतात आणि खिंकाळतात. सोमवारपासून ती शाळेत जायला तयार नाही.
मी म्हटलं, मुलांचं वागणं हा शाळेचा विषय आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कॉफी संपवून जा, घाई नाही." आणि स्वतःच उठून गेल्या.
गाडीत जरा वेळ बसून राहिलो. इंजिन गरम व्हायला हवं होतं.

११ जानेवारी, शुक्रवार
ठरवून गेलो होतो की घोडा नाही म्हणायचं. तसा मी दिलदार आहे.
'तबेला' म्हटलं. तबेला म्हणजे घोडा नव्हे.

२२ जानेवारी, मंगळवार
शनिवारी स्टेडियमच्या हॉलमध्ये चाहत्यांची वार्षिक सभा. मी ठराव मांडणार: खेळाडूंना विचारल्याशिवाय अदलाबदल नाही. भाषण अकरा पानांचं. उदाहरण माझंच. फेब्रुवारी १९९१ मध्ये या संघाने मला एक राखीव गोलरक्षक घेऊन दक्षिणेतल्या एका संघाला देऊन टाकलं, आणि तो संघ तीन महिन्यांत बंद पडला. त्या वेळी माझ्या सहकाऱ्यांना कुणी विचारलं असतं तर? सगळी ड्रेसिंग रूम आडवी पडली असती.
ल्युसियनला म्हटलं, तू अनुमोदन दे. भाषण वाचताना त्याने कॉफी गार होऊ दिली. म्हणाला, ९१ चं काढून टाक, बाकीचं बोल. मी म्हटलं, तेच तर काळीज आहे भाषणाचं. त्यावर म्हणाला, शनिवारी तो तळ्यावर मासे धरायला जाणार आहे.
कर्णधार होता एके काळी हा माणूस. वय झालं की सगळेच घाबरट होतात. मी नाही झालो.

२६ जानेवारी, शनिवार
हॉल भरलेला. तीनशे लोक सहज. आइला मागच्या दाराजवळ, कोट अंगावरच.
पहिली सात पानं उत्तम गेली. मग ९१ आलं. मी आवाज खाली आणला (आरशासमोर सराव केला होता) आणि विचारलं, "माझ्या सहकाऱ्यांना कुणी विचारलं होतं का?"
इथे थांबायचं होतं. थांबलो.
पहिल्या रांगेत आमचे जुने कोच ऑरेस्ट हॅनिशिन चाकाच्या खुर्चीत बसलेले. वय शहाऐंशी, ऐकू येत नाही. मुलगी त्यांच्या कानात माझं वाक्य ओरडून सांगत होती. त्यांनी मान हलवली, आणि बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्याने बोलले.
"विचारलं होतं की."
मी म्हटलं, कोच, तुमचा काही घोटाळा होतोय.
"घोटाळा नाही. मी तुला ठेवणार होतो. पोरांनी कागद आणला. वीस जणांचा संघ, चौदा सह्या. ल्युसियन घेऊन आला माझ्या खोलीत, टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, कोच, एक तर रायमो, नाही तर आम्ही."
मग ते मुलीला विचारायला लागले की पुल्ला, म्हणजे तो गोड पाव, कधी वाटणार, वेलचीचा वास येतोय. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.
कुणीतरी हसलं. आधी एकच जण. चार पानं शिल्लक होती. ती वाचली. मध्येच सोडून देणं माझ्या स्वभावात नाही.
ठराव: बाजूने एक.

२७ जानेवारी, रविवार
ल्युसियन तळ्यावर त्याच्या लाकडी खोपटात, बर्फाच्या भोकापाशी बसला होता. त्याने दुसरा स्टूल सरकवला. त्याला कळलेलं होतं.
म्हटलं, कागद होता का? होता म्हणाला. म्हटलं, का? त्याने दोरी स्टुलाला बांधली आणि सांगायला लागला. प्रत्येक सामना हरल्यावर मी ड्रेसिंग रूमच्या मध्यभागी उभा राहून एकेकाचं नाव घ्यायचो. कुणामुळे हरलो, कुणाचं वय झालंय, कुणाला काढायला हवं. बसमध्ये पुन्हा तेच. डॅनी ऑरुकचं तान्हं बाळ गेलं, त्यानंतर तो नवव्या दिवशी खेळायला आला, आणि मी सगळ्यांदेखत म्हटलं की अर्धा माणूस मैदानात पाठवला तर संघ हरणारच.
आठवलं. मी त्याला विश्रांती द्या असंच सुचवत होतो. शब्द कमी पडले असतील.
म्हटलं, असं होतं तर अठ्ठावीस वर्षं दर शुक्रवारी माझ्याबरोबर जेवायला का येतोस?
"तुला काय वाटतं?"
"मैत्री म्हणून."
त्याने दोरी वर ओढून पाहिली. मासा लागलेला नव्हता.

२८ जानेवारी, सोमवार
शांतपणे विचार केला. सगळे हा आकडा उलट्या बाजूने बघतायत.
वीसपैकी चौदा. म्हणजे सहा जणांनी सही केली नाही. ल्युसियन कर्णधार, त्याचा दरारा, आणि तरीही सहा जण माझ्यासाठी उभे राहिले. जवळजवळ तिसरा हिस्सा.
कोचच्या मुलीकडून त्या कागदाचा फोटो मागवला. तिने लगेच पाठवला. जरा जास्तच लगेच. आता त्या सहांना शोधायचं, एकेकाचे आभार मानायचे, आणि त्यांना घेऊन शुक्रवारी रेडिओवर जायचं.

२९ जानेवारी, मंगळवार
पहिला, गॉर्ड स्पेन्स. माझा फोन आल्याचा त्याला खरंच आनंद झाला, कारण तो मला दुसराच कुणी समजत होता. मग त्याला ओळख पटली. त्या कागदाच्या वेळी त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने करतो म्हणाला होता तो, पण ल्युसियन म्हणाला राहू दे, चौदा पुरेत.
दुसरा, आमचा चेक गोलरक्षक. त्याला तेव्हा भाषा येत नव्हती. कुणाच्या तरी वाढदिवसाची वर्गणी असेल म्हणून त्याने हात वर केले. आता भाषा उत्तम येते. म्हणाला, माहीत असतं तर वर्गणीही दिली असती.
उरले चार. चार म्हणजे थोडे नव्हेत.

३० जानेवारी, बुधवार
तिसरा २००४ मध्ये वारला. त्याच्या बायकोने फोन घेतला. मी नाव सांगितलं. "तुम्ही तेच का," म्हणाल्या. मग दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. अकरा वाजता सकाळी दूध.
चौथा आमच्या संघात आला होता त्याच आठवड्यात. त्याला मी अजिबात आठवत नाही. हे तटस्थ मत झालं. विरोधी नव्हे.

३१ जानेवारी, गुरुवार
पाचवा, डॅनी ऑरुक. कागदावर डॅनीची सही नाही. सगळ्यात जास्त राग धरायचा हक्क त्याचा, आणि त्यानेच सही केली नाही. हे ल्युसियनला दाखवायलाच हवं होतं. नंबर दोनदा चुकला, बटणं बारीक आहेत.
डॅनी सावकाश बोलतो. मी आभार मानले. त्याने पुरतं ऐकून घेतलं.
"रायमो, मला वाटलं, एखाद्या माणसाचा निर्णय रागात करू नये. म्हटलं एक रात्र जाऊ दे. सकाळी सही करायला गेलो, तर तू निघून गेला होतास."
मी विचारलं, म्हणजे केली असतीस?
"हो," म्हणाला. मग म्हणाला की त्याला माझ्यावर राग नाही, फार वर्षं झाली, तब्येत सांभाळ. हे सगळं अगदी नीट बोलला. फोन त्यानेच आधी ठेवला.

१ फेब्रुवारी, शुक्रवार
रेडिओवर गेलो नाही. घरी लावून बसलो. ल्युसियनबरोबर टोबियास लुंड होता. पंधराच्या पंधरा मिनिटं दोघं बोलले. माझं नाव कुणीच घेतलं नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. आइलाने भांडी बाजूला ठेवून सगळा कार्यक्रम ऐकला.

२ फेब्रुवारी, शनिवार
एक अजून आहे. सहावा. एक माणूस पुरतो.
सकाळपासून तेवढंच करतोय. ९१ च्या संघाचा फोटो टेबलावर, शेजारी कागद. एकेका चेहऱ्यावर वाटाणा ठेवत गेलो: चौदा सह्या, मग गॉर्ड, चेक गोलरक्षक, वारलेला, नवा, डॅनी. एकोणीस. विसावं नाव काही केल्या आठवेना. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोठ्याने मोजलं.
आइला कॉफी घेऊन आली. काय शोधतोयस म्हणाली. मी सांगितलं, सही न करणारा शेवटचा माणूस. ती चष्मा न लावताच वाकली आणि दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. तिथे वाटाणा नव्हता.
"हा तू आहेस."
बरोबर. मी सही केली नव्हती. माझ्याकडे तो कागद कुणी आणलाच नव्हता.